धान्यातले पतंग: चार जवळच्या जाती ओळखायच्या कशा, त्यांचा जीवनक्रम बरणीत पाहायचा कसा

साठवणीच्या धान्यात, पिठात किंवा सुक्या मेव्यात दिसणारा प्रत्येक बारीक पतंग एकाच जातीचा नसतो. जगभरातल्या कोठारांत आणि स्वयंपाकघरांत वारंवार सापडणाऱ्या चार जाती म्हणजे प्लोडिया इंटरपंक्टेला, एफेस्टिया कुनिएला, काड्रा कॉटेला आणि कॉर्सायरा सेफालोनिका. पुढे त्यांना नुसतं प्लोडिया, एफेस्टिया, काड्रा आणि कॉर्सायरा म्हणू. चौघीही पायरॅलिडी कुळातल्या. पहिल्या तिघी त्यातल्या एकाच उपकुळातल्या आहेत. कॉर्सायराचं उपकुळ वेगळं. मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणारा पतंग तिचा जवळचा नातेवाईक.

‘पतंग झालेत’ एवढं कळून भागत नाही. एकीची अळी धान्य सोडून भिंतीवर चढते, दुसरीची धान्यातच कोष करते. एक थंडीत महिनोन्‌महिने निपचित पडून राहते, दुसरीला तशी सोय नाही. बाजारात मिळणाऱ्या कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधासारख्या वासाने नराला ओढणाऱ्या सापळ्यात, तिघींचे नर येतात, चौथीचे येत नाहीत. त्यामुळे जात न ओळखता केलेला उपाय लागू पडला तर तो नशिबाने. ओळख पक्की करायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे एक पिढी बरणीत वाढवून पाहणं. त्याला फारसं काही लागत नाही: काचेची बरणी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, तापमापक आणि एक वही.

पायरी १: पतंग जिवंत पकडा आणि बसलेला पाहा

पतंग चिरडला की पंखांवरचे खवले निघून जातात, आणि ओळख सगळी त्या खवल्यांच्या नक्षीत असते. भिंतीवर बसलेल्या पतंगावर काचेची छोटी नळी किंवा पेला उपडा ठेवा, खालून जाड कागद सरकवा आणि पाच-दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. गारठ्याने तो मंदावतो, मरत नाही.

प्लोडिया ओळखायला सोपी. पुढच्या पंखाचा बुडाकडचा सुमारे एक तृतीयांश भाग फिकट, राखाडी-पिवळसर. बाकीचा तांबूस, तांब्याची झाक असलेला. दोन रंगांतली सीमा साध्या डोळ्यांना दिसते. पंख पसरल्यावर रुंदी १६ ते २० मिलिमीटर. एफेस्टिया थोडी मोठी, २० ते २५ मिलिमीटर, शिशासारखी राखाडी, पंखांवर नागमोडी काळसर रेघा. ती बसते तेव्हा शरीराचा पुढचा भाग उचललेला असतो आणि पाठ मागे उतरत जाते. ही बसण्याची ढब नक्षीपेक्षा लवकर लक्षात येते. काड्रा लहान, राखाडी-तपकिरी, अंगावर ठळक असं काहीच नाही. कॉर्सायरा फिकट मातकट, एकरंगी, पंखांच्या शिरा किंचित गडद, आणि बसताना पंख अंगाभोवती गुंडाळून घेतलेले.

आता भिंगातून डोक्याकडे पाहा. तोंडापुढे मिशांसारखे दोन आखूड अवयव असतात. प्लोडियात ते चोचीसारखे सरळ पुढे आलेले दिसतात, एफेस्टिया आणि काड्रात वर वळलेले. कॉर्सायराच्या मादीत ते लांब आणि पुढे काढलेले असतात, नरात जेमतेम दिसतात. खवले झडून गेलेला जुना पतंग हाती लागला तर ही खूण फार उपयोगी पडते.

एफेस्टिया आणि काड्रा यांच्यात मात्र नुसत्या पंखांवरून छातीठोकपणे सांगू नये. तज्ज्ञही शंका आली की पोटाचं टोक उघडून जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. घरच्या कामासाठी आकार, बसण्याची ढब आणि पुढच्या पायरीतली अळी एवढ्यावर निर्णय घ्यावा.

पायरी २: अळी भिंगाखाली धरा

पूर्ण वाढलेली अळी सेंटिमीटरभर किंवा थोडी जास्त लांब असते. रंगावर जाऊ नका. काय खाल्लं त्यानुसार ती पांढुरकी, गुलाबी, हिरवट कशीही दिसते. पाहायचं ते केसांच्या बुडाशी. एफेस्टिया आणि काड्राच्या अळीला प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक काळसर ठिपका असतो, त्यामुळे अंगावर टिंबं मारल्यासारखी दिसतात. प्लोडियाची अळी अशा ठिपक्यांविना साफ असते. कॉर्सायराचीही साफच, पण तिच्या कुशीवरची श्वासरंध्रं नीट पाहिली तर रंध्राभोवतीची कड मागच्या बाजूला जाडसर दिसते. यासाठी चांगला उजेड आणि थोडा धीर लागतो.

शेवटच्या अवस्थेतल्या प्लोडिया किंवा एफेस्टियाच्या अळीच्या पाठीवर, पोटाच्या पाचव्या खंडापाशी, कातडीतून एक गडद डाग दिसतो का पाहा. तो डाग म्हणजे आत वाढणारे वृषण. डाग असेल तर नर, नसेल तर मादी. पतंग व्हायच्या कितीतरी आधी, अळीतच, लिंग असं उघड्या डोळ्यांना कळावं ही गोष्ट मला अजूनही गमतीची वाटते. शिवाय ती कामाचीही आहे: नर-मादी आधीच वेगळे काढून ठेवले, तर मिलन कधी होऊ द्यायचं ते तुमच्या हातात राहतं.

पायरी ३: बरणी तयार करा

रुंद तोंडाची एक लिटरची काचेची बरणी पुरते. खाद्य म्हणून गव्हाचा कोंडा आणि जाडसर भरड. प्लोडियासाठी त्यात थोडं ग्लिसरीन कालवलं तर ओलावा टिकतो. एफेस्टियाला पीठ जास्त मानवतं, कॉर्सायराला भरडलेलं धान्य. खाद्य आधी आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवून घ्या, नाहीतर त्यातलेच भुंगेरे आणि कोळीकिडे आधी वाढतील आणि तुमची नोंद बिघडेल. बाहेर काढल्यावर खाद्य खोलीच्या तापमानाला आलं की मगच बरणीत भरा, म्हणजे दव धरून बुरशी येणार नाही.

थर दोन-तीन सेंटिमीटरचा ठेवा. वर पन्हळी पुठ्ठ्याची गुंडाळी उभी करा. कोषासाठी जागा शोधणारी अळी त्या नळ्यांत शिरते आणि नंतर पुठ्ठा सोडवून कोष मोजता येतात. तोंडाला बारीक विणीचं सुती कापड दोन पदरी बांधा. भोकं पाडलेलं झाकण चालणार नाही: नुकती निघालेली अळी जेमतेम एक मिलिमीटर लांब असते आणि दिसणारही नाही अशा फटीतून बाहेर पडते. पातळ प्लास्टिकही नको, प्लोडियाची अळी ते कुरतडते.

प्रत्येक जातीची बरणी वेगळी, शक्यतो वेगळ्या कपाटात, आणि बरणीवर जात, तारीख, खाद्य यांची चिठ्ठी. तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस राहील अशी सावलीची जागा निवडा.

पायरी ४: अंडी गोळा करा

आठ-दहा पतंग एका रिकाम्या बरणीत सोडा, तोंडाला जाळी बांधा आणि बरणी काळ्या कागदावर उपडी ठेवा. माद्या जाळीजवळ अंडी घालतात आणि ती खाली कागदावर पडतात. प्रयोगशाळांतही हीच साधी रीत वापरतात. अंडं पांढरट, लांबट गोल, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जरा लहान.

प्लोडियाची मादी शंभरापासून चारशेपर्यंत अंडी घालते, आणि त्यातली बहुतेक मिलनानंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत. उडताना दिसलेली मादी मारून फारसं काही साधत नाही ते यामुळेच; बहुधा तिचं काम तोवर उरकलेलं असतं. ३० अंशांना अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, २० अंशांना आठवडाभर लागतो.

ज्या अंड्यांतून अळी निघत नाही तीही नोंदवा. काड्रात याचं एक विलक्षण कारण असू शकतं. तिच्या पेशींत वोल्बाकिया नावाचा जिवाणू राहतो आणि तो आईकडून अंड्यांत उतरतो. जिवाणू असलेला नर आणि नसलेली मादी यांचं मिलन झालं की अंडी मरतात. उलट जोडीत काही बिघडत नाही. दोन ठिकाणांहून आणलेल्या काड्रांची जोडी जमली आणि अंडी मात्र फुटली नाहीत, तर तुमच्या बरणीला किंवा खाद्याला लगेच दोष देऊ नका.

पायरी ५: अळीचे दिवस

अंड्यांपैकी पन्नासेक मोजून खाद्यावर टाका. जास्त टाकू नका. अळ्या समोरासमोर आल्या की जबड्याजवळच्या ग्रंथींतून तेलकट थेंब सोडतात. गर्दी वाढते तसा खाद्यात त्याचा वास साठतो, मोठ्या अळ्या पांगू लागतात, आणि माद्या तिथे अंडी घालणं कमी करतात. व्हेंटुरिया कॅनेसेन्स नावाची परोपजीवी माशी नेमक्या याच वासाचा माग काढत येते आणि खाद्यात अंडी घालायची नळी खुपसून अळीच्या अंगात अंडं घालते. आपसांतला निरोप शत्रूच्या कानी पडावा, तसा प्रकार.

अळी पाच ते सात वेळा अवस्था बदलते. लांबी मोजून अवस्था ठरवता येत नाही, कारण अंग ताणलं जातं. डोकं मात्र कडक असतं आणि फक्त कात टाकतानाच वाढतं. कीटकशास्त्रज्ञ हॅरिसन डायर यांनी १८९० मध्ये दाखवलं की डोक्याची रुंदी दर अवस्थेला साधारण एकाच पटीत वाढते. जाळ्यात अडकलेल्या डोक्याच्या रिकाम्या टोप्या गोळा करा, सूक्ष्मदर्शकाखाली मोजा, आकड्यांचे गट आपोआप पडतात.

जाळं पाहायला विसरू नका. प्लोडिया वरच्या थरात धागे विणत जाते आणि त्यात विष्ठेचे कण गुंततात. कॉर्सायरा दाणे एकमेकांना इतके घट्ट बांधते की चमचाभर धान्य उचलायला जावं तर मुठीएवढा गठ्ठा वर येतो.

मग येतो तो टप्पा जिथे चौघींचे रस्ते वेगळे होतात. प्लोडियाची पूर्ण वाढलेली अळी खाणं थांबवते आणि चालू लागते: खाद्य सोडून वर, काचेवरून, पुठ्ठ्यात. घरात हीच अळी छताच्या कोपऱ्यात, फळीच्या फटीत, झाकणाच्या आट्यांत सापडते. काड्राही बरीच भटकते. एफेस्टिया कधी पिठातच थांबते, कधी बाहेर पडते. कॉर्सायरा बहुतेक वेळा धान्यातच, दाण्यांमध्ये, चिवट दुहेरी कोष करते. किती अळ्या पुठ्ठ्यात सापडल्या आणि किती खाद्यात, एवढी एकच मोजणी जातीबद्दल खूप काही सांगून जाते.

पायरी ६: कोष आणि सुप्तावस्था

पुठ्ठा सोडवून कोषातला प्युपा (अळी आणि पतंग यांच्यामधली निश्चल अवस्था) हलक्या चिमट्याने काढा. पोटाच्या खालच्या बाजूला टोकाजवळ जननेंद्रियाची बारीक चीर दिसते: मादीत आठव्या खंडावर, नरात नवव्या. पतंग बाहेर पडायच्या सुमारास आधी डोळे काळे होतात, मग पंखांची नक्षी कातडीतून उमटते.

अळीने कोष विणला, पण आत ती अळीच राहिली, असं प्लोडियात झालं तर ती मेली असं समजू नका. दिवस लहान झाले आणि गारवा आला की शेवटच्या अवस्थेतली अळी सुप्तावस्थेत जाते आणि ऊब परतेपर्यंत तशीच थांबते. कॉर्सायरा उष्ण प्रदेशातली, तिला अशी विश्रांती माहीत नाही.

तापमानाचा हिशेब

हेच खाद्य, हीच बरणी, पण दोन वेगळ्या तापमानांना ठेवून पाहा. प्लोडिया ३० अंशांना साधारण चार आठवड्यांत अंड्यापासून पतंग होते, २० अंशांना दोन महिने घेते आणि १८ अंशांखाली जवळपास अडूनच बसते. एफेस्टियाला २५ अंशांना दीड ते दोन महिने लागतात. ती बऱ्याच कमी तापमानातही हळूहळू वाढत राहते, म्हणून थंड प्रदेशातल्या पिठाच्या गिरण्यांत तिचं राज्य. उलट ३० अंशांच्या वर तिच्या नरांची प्रजननक्षमता घटते. कॉर्सायराला २८ ते ३० अंश मानवतात, आणि इतरांना झेपणार नाही इतक्या कोरड्या धान्यातही ती तग धरते. हे आकडे खाद्य आणि आर्द्रतेनुसार पुढेमागे होतात. तुमच्या बरणीचा आकडा तुमच्या वहीतला.

पायरी ७: पतंगांचं मिलन पाहा

यासाठी अंधार हवा आणि उजेड हवा तर लाल, कारण पतंगांना लाल रंग फारसा दिसत नाही. प्लोडिया, एफेस्टिया आणि काड्रा यांची मादी पोटाचं टोक पंखांमधून वर उचलते आणि तिथली ग्रंथी उघडी करते. नर पंख फडफडवत जवळ येतो, मादीच्या समोर तोंड करून उभा राहतो, पोट आपल्याच डोक्यावरून पुढे आणून तिच्यावर आपटतो आणि मग कुशीने जोडला जातो. हे सगळं काही सेकंदांत घडतं.

तिघींच्या मादीच्या गंधातलं मुख्य रसायन एकच आहे. एकाच ल्युअरवर (सापळ्यातल्या गंधाच्या आमिषावर) तिघींचे नर येतात ते त्यामुळे. मग संकर का होत नाहीत? गंधात मुख्य रसायनाबरोबर दुय्यम घटकही असतात आणि ते जातीगणिक वेगळे: काड्रात एक, प्लोडियात दुसरंच. शिवाय जवळ आल्यावर नराचा स्वतःचा गंध आणि वागणूक मादीला पटावी लागते. लांबची हाक जवळपास सारखी. नकार जवळ आल्यावर मिळतो.

कॉर्सायराचं गणित उलटं. तिथे नर एका जागी बसून पंख फडफडवतो, गंध सोडतो, शिवाय माणसाला ऐकू न येणारा उच्च ध्वनीही काढतो, आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. या कुळातल्या पतंगांचे कान पोटाच्या बुडाशी असतात. उडत्या पतंगाजवळ किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवून पाहा: त्यातून निघणारा उच्च ध्वनी ऐकून तो अनेकदा पंख मिटून खाली पडतो. वटवाघळापासून वाचायची ही सवय.

बरणीत रोग आला तर

अळ्या एकाएकी मऊ पडून काळ्या होऊ लागल्या, किंवा प्लोडियाच्या अळ्या दुधासारख्या पांढऱ्या फटक दिसू लागल्या, तर सगळी बरणी टाकून द्या आणि काच उकळून घ्या. पहिलं लक्षण जिवाणूचं, दुसरं विषाणूचं असू शकतं. शेतीत आज सर्वत्र वापरला जाणारा बीटी जिवाणू, बॅसिलस थुरिंजेन्सिस, जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना एफेस्टियाच्याच आजारी अळ्यांत सापडला. थुरिंगिया प्रांतावरून त्यांनी १९१५ मध्ये त्याचं नामकरण केलं. आणि बीटीला कीटक प्रतिकार करू शकतात हे पहिल्यांदा ठामपणे दिसलं ते १९८५ मध्ये, साठवलेल्या धान्यातल्या प्लोडियात, विल्यम मॅकगॉहे यांच्या कामातून. नात्यातल्या एका जातीने औषध दिलं, दुसरीने त्याची मर्यादा दाखवली.

पायरी ८: आता घाव कुठे घालायचा

पतंगावर फवारा मारणं सगळ्यात निरुपयोगी. प्रौढ पतंग धान्य खातच नाही, आठवडा-दोन आठवडे जगतो आणि मरतो. नुकसान सगळं अळीचं.

मालातली अंडी आणि अळ्या मारायला थंडी उत्तम. लहान पिशव्या करून उणे १८ अंशांना आठवडाभर ठेवा. मोठं पोतं ठेवलं तर मधला भाग गार व्हायलाच दिवस लागतात. फ्रीझर नसेल तर पातळ थर पसरून ६० अंशांना तासभर. बियाण्याला मात्र हा उपाय नको, उगवण जाते. डांबरगोळ्या धान्याजवळ कधीही ठेवू नका.

प्लोडिया किंवा काड्रा असेल तर नुसता डबा साफ करून भागत नाही. कपाटाच्या वरच्या कडा, बिजागऱ्या, खिळ्यांची भोकं, भिंतीवरच्या चौकटींची मागची बाजू व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या आणि आतली पिशवी लगेच बाहेर टाका. कॉर्सायरा असेल तर भिंती सोडा, माल तपासा: गठ्ठे झालेलं धान्य काढून टाकलं की बहुतेक कोषही गेले. मोठ्या साठ्यात मित्रकीटकही सोडतात: ट्रायकोग्रामा अंड्यांवर, हॅब्रोब्रॅकॉन भटकणाऱ्या अळ्यांवर. गंमत म्हणजे शेतात सोडायचा ट्रायकोग्रामा वाढवायला अनेक प्रयोगशाळा कॉर्सायराची किंवा एफेस्टियाचीच अंडी वापरतात.

कामगंध सापळा लावाच, पण त्याच्याकडून नियंत्रणाची अपेक्षा नको. त्यात फक्त नर अडकतात, आणि उरलेला एकेक नर अनेक माद्यांना पुरतो. सापळ्याचं काम मोजणीचं. उबदार दिवसांत सलग दोन महिने तो रिकामा राहिला तर प्लोडिया, एफेस्टिया, काड्रा गेल्या असं धरायला हरकत नाही. थंडीतला रिकामा सापळा हिशेबात घेऊ नका. फटींत सुप्त अळ्या असू शकतात, ऊब वाढल्यावर नवा ल्युअर लावून पुन्हा मोजा. कॉर्सायरासाठी या सापळ्याचा उपयोग नाही. तिथे दर पंधरवड्याला साठ्याच्या वेगवेगळ्या भागांतलं मूठभर धान्य पांढऱ्या ताटात पसरा, भिंगातून धागे आणि बांधले गेलेले दाणे शोधा, आणि तारखेसह वहीत लिहा.